पोस्टरवरची बाई

मारेगाव, डिसेंबर २००६

सुनीतीताई,

आपल्या संस्थेच्या गरिबीविरोधी मोहिमेचं पोस्टर मिळालं. यंदाही इथलं कापसाचं पीक गेलं, तेव्हा दिल्लीच्या पाहुण्यांना सर्वांत गरीब घर दाखव, असं तुम्ही म्हणाला होतात. पाहुण्यांना नेहमी दाखवतो त्या रुखमाबाईंच्या घरावर आता आपल्याच प्रयत्नानं टिनाचे पत्रे आलेत. दुसरं घर शोधायचं त्राण नव्हतं, म्हणून माझ्याच घरी नेलं. माझं आहे, हे मात्र सांगितलं नाही. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पाहुण्यांच्या फोटोवाल्यानं ते बदलून फाटकं नेसायला लावलं.

पोस्टरवर तिच्या फोटोखाली 'हिला कोणी नाही' असं छापलंय.

ते बदला, असं लिहायला बसलो. पण पत्र टाकणार नाही. मोहीम खरी आहे, आईची गरिबीही.

तिला वाचता येत नाही. "तुह्ये साहेब आपल्या घरी आलते, तो फोटो भिंतीले लावू," म्हणते. खिळाही ठोकून ठेवलाय.

तिचा मुलगा,
संघदीप