साठ मिनिटांत चौसष्ट

५ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला आता ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगितलेलं तुझ्याआधी सगळ्या गल्लीला कळतं. म्हणून पत्र.

रेडिओ केंद्रात मला माझा स्वतःचा कार्यक्रम मिळाला. रविवारी दुपारी अर्धा तास, चार रविवार चाचणी म्हणून. लोकांना आवडला तर कायम. ऐंशीच्या दशकातली पॉप आणि रॉकची अशी गाणी वाजवायची, जी एकदा लोकप्रियतेच्या यादीत वर चढली, दोन महिने सगळ्यांच्या तोंडी होती आणि मग कुणी विचारलीच नाहीत. केंद्रप्रमुखबाईंनी विचारलं, तुमच्या वयाच्या मुलीला ही गाणी कुठून माहीत. मी सांगितलं, माझ्या मामाचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं आणि शाळा सुटल्यावर मी काउंटरमागे बसून गृहपाठ करायचे. आपल्या घरातली पहिली पदवी त्या काउंटरमागेच झाली, हेही सांगितलं. जरा जास्तच बोलले बहुतेक.

परवा पहिला भाग झाला. दीपगृहाचं गाणं लावलं, दोन बहिणी गातात आणि भाऊ ड्रम वाजवतो ते. केंद्राच्या संग्रहातली मूळ तबकडी, एक ओरखडा नाही. मी इतकी हरखून गेले होते की नीट ऐकलंही नाही. नंतर नऊ फोन आले, सगळे आपल्या गावातून, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: गाणं हळू होतं. एका बाईंनी विचारलं, गाणारीला ताप आला होता का. यंत्रावर बसणाऱ्या दादांनी सगळं तपासलं, काही बिघाड नाही. मला नीट जेवणही जात नाही. तुला काही सुचतंय का?

मामीला नमस्कार. माया आहेच, पण उत्तरही लवकर पाठव.

तुझी भाची

९ मार्च

चि. पदवीधरबाईंस,
अनेक आशीर्वाद.

अभिनंदन. मामीने रेडिओ मोठा करून ठेवला होता. मला फक्त टेबल थरथरताना कळलं, पण ते छान थरथरत होतं.

फोनचं मनावर घेऊ नकोस. पन्नाशी उलटलेल्या लोकांचे गुडघे हळू झालेत आणि दोष गाण्याला देतात. तरुणपणी सगळंच भरभर चालतं असं वाटतं. पुढच्या वेळी दुसरं काहीतरी लाव, आपल्या दुकानात कधी न आलेलं.

खुंट्याही बाजूला बसला होता. गिटारच्या खुंट्या पिळून पिळून त्याचं हे नाव पडलं, तेव्हा त्याचा कान काय आहे ते तुला माहीत आहे. आता तर माझेही कान तोच. दुकानात आता मिक्सर दुरुस्तीला घेऊन कुणी आलं की गिऱ्हाईक काय म्हणतं ते तो मला ओठ ठळक हलवून सांगतो. तोही म्हणाला, गाणं हळूच होतं. केंद्राला तक्रार लिहिणार आहे म्हणे. मी म्हटलं, कशाला पोरीच्या मागे लागतोस. ऐकतो कुठे.

तुझी मामी विचारते, बारीक झालीस का. मी सांगितलं, आवाजावरून तरी नाही. तिला हसू आलं नाही.

आहे तो लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

११ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. मिक्सरबद्दल लिहिलंस, गुडघ्यांबद्दल लिहिलंस. तू असा गोल गोल फिरतोस तेव्हा मला धडकी भरते.

काल दुसरा भाग झाला. पुन्हा तीच तक्रार, या वेळी चौदा फोन. मग मी माझ्या ट्रंकेतून तू भरून दिलेली जुनी कॅसेट काढली आणि घड्याळ लावून बसले. दीपगृहाचं गाणं तबकडीवर चार मिनिटं बारा सेकंद. तुझ्या कॅसेटवर तीन मिनिटं छप्पन्न. सगळं अर्धा स्वर वर. दादा म्हणाले, भरणारं यंत्र हळू फिरत असेल तर गाणं कमी फितीत बसतं, आणि घरच्या टेपवर ते पळतं. यंत्रातला रबरी पट्टा सैल झाला की असं होतं.

म्हणजे आपलं अख्खं गाव इतकी वर्षं ही गाणी चुकीच्या वेगात गुणगुणतंय, आणि मूळ गाणं ऐकलं की त्यांना ते आजारी वाटतं. मामा, हे किती विलक्षण आहे. मला हे रेडिओवर सांगायचं आहे. लोकांना खरं कळायला हवं, आणि यात लाजण्यासारखं काय, पट्टा कुणाचाही सैल होतो. तुझं नाव घेऊ का?

फक्त एक सांग. तुला माहीत होतं का?

तुझीच
भाची

१५ मार्च

चि. बाळ,
आशीर्वाद.

माहीत होतं.

पट्टा आपोआप सैल झाला, ते खरं. पण महिनाभराने लक्षात आलं की साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये चौसष्ट मिनिटांची गाणी मावतायत. पंधराच्या जागी सोळा. तोपर्यंत गावभर झालं होतं की आपल्याकडे एक गाणं जास्त भरून मिळतं. लोक लांबच्या दुकानांवरून माझ्याकडे यायला लागले. एकदा पट्टा बदललाही, तर पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, सोळावं कुठे गेलं. पुन्हा जुना चढवला. तबकड्या दुकानात वाजवायच्या नाहीत, घासतात, असा नियम केला. तुला वाटायचं मामा किती जपतो.

इथवर असतं तर मी स्वतःच केंद्रात येऊन बोललो असतो. पण खुंट्या.

त्याने सगळी गाणी माझ्या कॅसेटवरून बसवली. तारा कॅसेटला जुळवायच्या म्हणून अर्धा स्वर वर ओढायचा. वाद्यवृंदात निवड होती, मोठ्या शहरात. बाकीचे सगळे एका पट्टीत आणि हा वर. त्यांनी तारा उतरवायला सांगितलं. हा म्हणाला, मूळ गाणं मी पाचशे वेळा ऐकलंय, चूक तुमची आहे. त्यांनी पुढच्याला बोलावलं. परत आला तो थेट दुकानात, आणि मला म्हणाला, त्या लोकांना कान नाहीत. मी मान डोलावली. नंतर निवृत्त होईपर्यंत लोकांच्या घरी पाण्याचे मीटर वाचत फिरला.

आज तीस वर्षं तो रोज दुपारी माझ्याजवळ बसतो. हे सांगू नकोस. पाया पडायला लावू नकोस मामाला.

तुझा
मामा

१८ मार्च

ती. मामास,
नमस्कार.

तीन वेळा पत्र लिहून फाडलं. काल तिसरा भाग होता. मी घाबरून वाद्यसंगीतच लावलं, ते आपल्या गावात कुणाला माहीत नव्हतं. एकही फोन आला नाही. कार्यक्रमात जीव नव्हता, आणि ते मला सगळ्यात आधी कळत होतं.

आज खुंट्याकाकांची तक्रार टपालात आली. दोन पानं, सुवाच्य अक्षर. लिहिलंय की आपल्या केंद्रातलं यंत्र सदोष आहे, आपण तरुण आहात, आपल्याला मूळ गाणी माहीत नसणार, मला ती पाठ आहेत, हवं तर येऊन वाजवून दाखवतो. पत्रांना उत्तर देणं माझंच काम आहे. काय लिहू? की यंत्र सदोष होतं? केंद्रप्रमुखबाई म्हणतात, येत्या रविवारी लोकांना काय ते समजावून सांगा, नाहीतर इथेच थांबू.

मी तुझं नाव घेणार नाही, दुकानाचंही नाही. पण गाणं हळू होतं असं म्हणणार नाही, आणि पट्ट्याचं सांगितलं की काकांना एका मिनिटात कळेल. त्यांना ते रेडिओवरून कळू नये. म्हणून तू शनिवारपर्यंत सांग. मी सांगितलं तर ती बातमी होईल. तू सांगितलंस तर काय होईल मला माहीत नाही, पण ते तुम्हा दोघांतलं राहील.

मला शिकवलंस म्हणून तुलाच शिकवायला निघाले, असं वाटेल तुला. वाटू दे. कार्यक्रम गेला तर जाऊ दे, तू मात्र जाऊ नकोस कुठे.

तुझी
भाची

२६ मार्च

चि. बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी सांगितलं. तो गिऱ्हाइकाची पावती वाचत होता. मी सगळं एका दमात बोललो, कारण मला माझाही आवाज ऐकू येत नाही आणि तो कापतोय की नाही हे कळत नव्हतं. त्याने पावती नीट घडी करून ठेवली, उठला आणि गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा चहा न घेता.

रविवारी तुझा कार्यक्रम मामीने मला लिहून दिला. नाव घेतलं नाहीस. शेवटी दीपगृहाचं गाणं पुन्हा लावलंस आणि म्हणालीस, ते असंच आहे, या वेळी त्याच्या चालीने ऐकू या. मामी म्हणते, ऐकता ऐकता तिला ते बरं वाटायला लागलं. तुझ्या बाई काय म्हणतात ते कळव.

खुंट्या सोमवारी आला. मी बोललो, तो गप्प. पण माझ्याशी न बोलणाऱ्या माणसाला एक अडचण आली: ते मला कळणार कसं? म्हणून त्याने पावतीच्या मागे लिहिलं, “मी तुझ्याशी बोलत नाही.” आणि गिऱ्हाइकाचं काय म्हणणं आहे ते खाली लिहिलं.

आज दुसरी चिठ्ठी. “मशीन काढ.” पोटमाळ्यावरून काढलं, नवा पट्टा घातला. तबकडी लावायची, थोडं भरायचं, घरच्या टेपवर वाजवायचं. त्याने स्पीकरला कान लावला आहे, मी वेगाचा स्क्रू फिरवतोय. दर वेळी मी त्याच्या तोंडाकडे बघतो आणि तो मानेने नाही म्हणतो.

दुपारी तीनलाच मी पूर्ण गाणं भरून, टेपच्या आवाज दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवून घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं बारा सेकंद. तरी तो नाहीच म्हणतोय. आता सहा वाजलेत, पत्र मधेमधे लिहितोय. मी स्क्रू केसभर इकडे फिरवतो, मग केसभर तिकडे. त्याचं अजून नाहीच आहे. आत्ताच तिसरी चिठ्ठी आली, “उद्याही बसू.” बसेन.

आमच्यावरची माया होती तेवढी राहू दे.

तुझा
मामा