दीड किलोच्या गनविषयी तक्रार

लासुर्णे, ता. इंदापूर

प्रिय बुद्धघोषराव,

तुमच्या दाजींचा सप्रेम जय भीम. इकडे सर्व क्षेम आहे. तुमची ताई ठणठणीत आहे, आणि उजवा खांदा सोडला तर मीही. (खांदा गार वाऱ्यानं धरला आहे. दुसरं काही कारण नाही.) चाकणला तुमची, रश्मीची आणि मुलांची तब्येत बरी असेलच. खरं सांगायचं तर तुमची जराशी बिघडलेली असती तर आज मला बरं वाटलं असतं, कारण या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात. फोन न करता पत्र का, असं विचाराल. फोनवर मी तापलो की तुम्ही "हं, हं" करत जेवत राहता. पत्राला हं म्हणून भागत नाही.

तुमच्या भाचीनं, आमच्या ज्योत्स्नानं, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला तेव्हा मी गावभर पेढे वाटले. आता वाटतं, थोडे कमी वाटले असते तरी चाललं असतं. बत्तीस वर्षं मी या गॅरेजात पान्यानं गाड्या खोलतोय. चाकाचा नट हटून बसला की व्हीलपान्याला पाइप लावायचा, त्यावर उभं राहायचं आणि उडी मारायची. नट तरी निघतो, नाहीतर आपण तरी खाली येतो. ही माझी पद्धत. तिला मात्र नट खोलायची बॅटरीवरची गन हवी होती, आणि तीही छोटी. हे खूळ तुमच्या कंपनीतलं, तुम्हीच तिच्या डोक्यात घातलेलं.

खरेदीला आम्ही बापलेक बारामतीला गेलो. दुकानदारानं पाच गन मांडल्या. आता हत्यार कसं निवडायचं हे मला कोणी शिकवावं? हातात घेऊन जोखायचं. जड ते दमदार. दुकानदाराकडे काटा नव्हता, म्हणून मी शेजारच्या किराणावाल्याचा मागवला. एक गन साडेतीन किलो भरली आणि तिच्या खोक्यावर हजार न्यूटन मीटर जोर लिहिलेला होता. मी म्हटलं, हीच. ज्योत्स्ना म्हणाली की ही ट्रकची झाली. मोटारीच्या चाकाचा नट शंभर-सव्वाशेनं आवळतात, गंजला तर तिप्पट लागेल, ही दीड किलोवाली चारशे देते, बास झालं. शिवाय मोठीचं नाक लांब, ते चाकामागे शॉकअपच्या बोल्टापाशी शिरतच नाही. (मग बत्तीस वर्षं तिथे मी काय शिरवत होतो? बोटं.) एवढ्यावर थांबली नाही. भर दुकानात मला म्हणाली, हात सरळ करून एकेक गन धरा आणि तीस मोजा. मोठी मी बारापर्यंत धरली. (पंखा दुकानदाराच्या डोक्यावर होता, माझ्या नाही, हे लक्षात घ्यावं.) छोटी तीसपर्यंत धरली आणि रागानं पुढे चाळीसपर्यंत. तिनं लगेच छोटी बांधायला सांगितली. बापाची परीक्षा, आणि तीही गिऱ्हाइकांदेखत! परतताना सणसर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

अपमान गिळायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दहा माणसांसमोर मी बोलून बसलो, की कन्हेरीच्या कुंडलिक तात्यांची जीप चार महिने आपल्या दारात गंजत उभी आहे. तिच्या एका चाकाचे पाचही नट या खेळण्यानं काढले, तर मी गॅरेजच्या चाव्या पोरीच्या हातात देऊन घरी बसेन.

मंगळवारी सगळी टपरी गॅरेजात आली. कुंडलिक तात्या तर बसायला घरून खुर्ची घेऊन आले. चार नट पापड मोडावा तसे निघाले. पाचवा हटला. गन नुसती खडखडत राहिली, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. पोरीनं गन बाजूला ठेवली, गंजावर तेल सोडलं, तात्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, चहा प्यायली आणि पुन्हा गन लावली. निघाला. वर नट परत बसवताना पहिले आटे बोटांनी फिरवून तिनं लोकांना सांगितलं, की नट आधी हातानंच धरवायचा, नाहीतर आटे मरतात. हे मी शिकवलेलं. माझंच ज्ञान, माझ्याच गॅरेजात, माझ्याच विरुद्ध.

पण शब्द म्हणजे शब्द. मी चाव्यांचा जुडगा काढून सगळ्यांसमोर तिच्यापुढे धरला. तर ती हळूच म्हणाली, "आप्पा, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. मला न्हाय लागायच्या."

बत्तीस वर्षांचं गॅरेज, आणि म्हणे लागायच्या नाहीत! तात्या लगेच म्हणाले, "रविंद्रराव, पोरगी तुमच्यावर दया करती व्हय?" टपरी हसली. तेव्हापासून मी तिथे चहा प्यायला गेलेलो नाही. तरी येत्या रविवारी या आणि मामाच्या नात्यानं तिला चांगलं झापा.

तुमचा अपमानित दाजी,
रविंद्र

ता. क. पत्र तुमच्या ताईनं वाचलं. म्हणते, खरं लिहा, नाहीतर मी फोन करून सांगते. तर खांदा वाऱ्यानं धरलेला नाही. सोमवारी ज्योत्स्ना जेवायला गेली होती तेव्हा मी जीपचे पाचही नट पाइप लावून, त्यावर उभा राहून, आणखी आवळून ठेवले. पाचव्याला खांदा गेला.

आणखी एक ता. क. तिला तुमच्या चाकणला नोकरी लागली आहे. एक तारखेला हजर व्हायचं आहे. चाव्या नको म्हणाली ती यासाठी; मला काल कळलं. ती गन तिनं स्वतःसाठी घेतलीच नव्हती. त्या दुकानात ती माझा हात मोजत होती. हे फोनवर माझ्याच्यानं बोलवलं नसतं, म्हणून पत्र. तुमच्या घराजवळ तिच्यासाठी एखादी चांगली, उजेडाची खोली बघा. झापायचं राहू द्या.

शेवटचा ता. क. गन टांगायला तिनं भिंतीत खिळा ठोकला आहे. कमरेच्या उंचीला, मला खांदा उचलावा लागू नये म्हणून. हत्यार इतकं खाली कोणी टांगतं का? मी उपटणार होतो, राहिलं. तिच्या माघारी त्या गनची बॅटरी चार्जिंगला काढायची कशी, तेवढं तिला विचारून मला लिहून पाठवा. मी विचारलं असं सांगू नका.