एका बाटलीतली दहा माणसं

लोणावळा,
२ मे २०२१

प्रिय नथू,
स. न. वि. वि. यातलं ‘विशेष’ या खेपेला वाईट आहे, म्हणून आधी नमस्कार नीट घे.

हमदानभाई गेला. माझ्या आरिफने कस्तुरावहिनींना फोनवर सांगितलंच आहे. मी स्वतः बोललो नाही, कारण माझे कान आता फोनला दाद देत नाहीत. तू तिकडून ओरडणार, मी इकडून ‘काय? काय?’ करणार, आणि सगळ्या आळीला आपलं सुखदुःख कळणार. त्यापेक्षा पत्र बरं. पोस्टमन अजून येतो. ज्याचा साठा संपलेला नाही असं या दिवसांत तेवढं एकच खातं दिसतं.

मार्चमध्ये मी लस घेतली तेव्हा भाईला म्हटलं, चल बरोबर. तो म्हणाला, दुकानात गडबड आहे, रमजानच्या आधी घेतो. एप्रिलमध्ये गेला तर दारावर पाटी, लस संपली. पुन्हा गेला, उन्हात उभा राहिला, आणि रांग पुढे सरकायच्या आत पाटी लागली. त्यानंतर ताप आला, तो उतरलाच नाही. दफनाला आम्हा चार जणांना जाऊ दिलं, तेही लांब उभं राहून. सख्ख्या भावाला माती देताना कोणाच्या खांद्यावर हात ठेवायची सोय नव्हती.

रोज टीव्हीवर भांडण चाललेलं असतं. एक सरकार म्हणतं आम्ही पाठवली, दुसरं म्हणतं आमच्यापर्यंत पोचली नाही, मग पहिलं म्हणतं तुम्ही वाया घालवली. लस तयार होते आपल्या पुण्यात आणि लोणावळ्याला मिळत नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी टीव्ही बंद करतो, लैला पुन्हा लावते. तिला वाटतं, निदान आज तरी त्यांचं मिटेल.

आता मुद्द्याचं. तुझा दमा मला शाळेपासून माहीत आहे. तू लस घेतलीस का? खरं लिही. तुझ्या शिकलेल्या पोरांना फसवतोस तसं मला फसवू नकोस. भाई गेला, आता जुना म्हणावा असा माझ्याकडे तू एकटाच उरला आहेस.

लोभ आहे म्हणून रागावतो आहे, हे ओळखून असावे.
तुझा,
राजमहंमद


टाकवे बुद्रुक,
७ मे २०२१

प्रिय राजमहंमद यास नथूचा नमस्कार वि. वि.

भाईच्या मातीला येता आलं नाही, याची रुखरुख जन्मभर राहील. कामशेतच्या शाळेत पोरं मला बुकलायची तेव्हा मधे पडणारा तो एकटाच होता. तू तेव्हा दप्तर घेऊन लांब उभा राहायचास, हेही मला आठवतं.

तू खरं लिही म्हणालास, तर लिहितो. लस घेतलेली नाही. टाळत नाही रे बाबा, मिळत नाही. आमच्या शाळेत केंद्र आहे. लस येणार कळलं, की मी उजाडताच जातो, तर माझ्या आधी पुण्या-चिंचवडच्या गाड्या उभ्या. त्यांची नावं मोबाइलवर आधीच लागलेली. आमच्याकडे मोबाइलला रेंज मिळवायची तर टेकाडावर चढावं लागतं, आणि दमेकऱ्याने टेकाडावर चढून लस मागायची! शाळा आमची, सावली आमची, नळाचं पाणी आमचं, आणि टोचून जाणार ते. आयत्या बिळावर नागोबा. शेजारची आक्काबाई पोतं अंथरून दिवसभर बसते आणि कोरडीच घरी जाते. तिचं वय तिलाच माहीत नाही, इतकं आहे.

वर दिल्ली-मुंबईचं भांडण, खाली हे. आम्ही दाद मागायची कोणाकडे? म्हणून ठरवलंय. पुढच्या लसीच्या दिवशी आम्ही काही जण गावात यायच्या पुलावर उभे राहणार. बाहेरची एक गाडी आत येऊ देणार नाही. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना मिळाल्याशिवाय मीही दंड उघडा करणार नाही.

कस्तुराला यातलं काही माहीत नाही. तू पत्रात चुकून लिहू नकोस, ती माझी पत्रं वाचते.

लैलावहिनींना सांभाळ. माया आहेच, ती मोजत नाही.
तुझा,
नथू


लोणावळा,
११ मे २०२१

प्रिय नथोबा,
स. न. आणि वि. वि. नंतर कान धरून विनंती.

वहिनी पत्रं वाचतात हे तू पत्रातच लिहितोस, तेव्हा तुझ्या हुशारीबद्दल काय बोलावं! वहिनी, तुम्ही वाचत असाल तर हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहीत आहे.

नथू, तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. माझाही तोच आहे. पण एक ऐक. मार्चमध्ये लैला तापाने पडली होती, तिची लस राहिली. मग आरिफ रात्रंदिवस मोबाइलवर बोट ठेवून बसला, तेव्हा तिला जागा मिळाली ती पवनेच्या बाजूला एका खेड्यात. ते गाव आम्ही त्याआधी पाहिलेलंही नव्हतं. तिथल्या बायांनी लैलाकडे बघून तोंडं फिरवली. एकजण म्हणाली, की हितली लस हितल्या मानसांस्नी, तुमी कुटनं आला. लैला खाली मान घालून बसली आणि टोचून घेऊन आली. घरी येऊन रडली. मी तिला म्हटलं, त्या बाया चूक नाहीत आणि तूही नाहीस. तुझ्या पुलावरून ती गेली असती, तर तू तिला परत पाठवली असतीस का?

गाड्या अडवून लसी वाढत नाहीत. दमा मात्र वाढतो. राग सोड असं म्हणत नाही, खिशात ठेव आणि दंड पुढे कर. गावाआधी घ्यायची नाही ही तुझी शपथ ऐकायला मोठी छान आहे, पण मला तुझी तसबीर नको आहे, तू हवा आहेस.

येत्या शुक्रवारी ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी येतील असं दिसतं. आमच्याकडे यंदा काही करणार नाही. तुम्ही आमरस करा आणि आमच्या वाटचा खा.

उत्तर लवकर धाड. उशीर झाला तर मी काय-काय कल्पना करत बसतो, हे तुला माहीत नाही.
तुझा,
राजमहंमद


टाकवे बुद्रुक,
१७ मे २०२१

ती. राजमहंमद भाऊजी यांस कस्तुराचा सा. न. वि. वि.

बाहेर वादळी वारा सुटलाय, वीज कालपासून नाही. हे आत घोंगडी घेऊन झोपलेत. काळजी करू नका, लसीचा ताप आहे. हो, लस मिळाली! हे पहिल्यांदा लिहिलं, म्हणजे पुढचं तुम्ही हसत वाचाल. ते स्वतः तुम्हाला पत्र लिहिणार आहेत, पण त्यात खरं किती येईल ते मला ठाऊक आहे, म्हणून आधी माझं वाचा.

तुमचं पत्र माझ्या हाती पडलं ते शनिवारी दुपारी. तोवर पुलावरचं सगळं उरकून गेलं होतं.

शनिवारी सकाळी हे काठी घेऊन निघाले. मला म्हणाले, रांगेत नंबर लावतो, तू मागनं ये. मी शाळेत गेले तर हे नाहीत! पुलाकडे गेले तर पाच-सहा जणांना घेऊन उभे. चिंचवडची एक जीप आली, आत चौघं जण, सगळे आपल्याच वयाचे. ह्यांनी त्यांना हितनंच माघारी फिरा म्हणून सांगितलं. ते बिचारे भांडले नाहीत, जीप वळवली आणि पलीकडे आंब्याखाली लावून बसून राहिले. मग एक पांढरी गाडी आली. आत एक मुलगा आणि दोन बायका, तोंडावर मास्क, वर काचेचं झाकण. त्या म्हणाल्या, की आम्ही लस घेऊन आलोय. हे म्हणाले, की सकाळपासून एक डाक्टर झाला, एक साहेबाचा मेहुणा झाला, आता तुमी लसवाल्या! त्यातल्या एकीने ओळखपत्र दाखवलं तर म्हणाले, असली कार्डं कामशेतात छापून मिळत्यात. बराच वेळ गाडी उन्हात उभी. शेवटी शाळेचे मास्तर धावत आले, डिकी उघडली, तर आत निळी पेटी. अँब्युलन्स बिघडली म्हणून लस भाड्याच्या गाडीतून आली होती! भाऊजी, आपल्याच गावची लस आपल्याच माणसांनी पुलावर अडवून धरली होती.

इकडे शाळेत कोणीतरी उठवलं, की पुलावर पोलीस येतायत आणि लसही येणार नाही. माणसं उठून आपापल्या वाडीला गेली, पुलावरचे ह्यांचे गडीही पांगले. पेटी आली तेव्हा व्हरांड्यात आम्ही सहा जण उरलो होतो, त्यात हे आणि मी धरून. ती ओळखपत्रवाली म्हणजे कोमल सिस्टर, तिने पेटी उघडून बघितली. बर्फ होता, लस चांगली होती, माझा जीव भांड्यात पडला. पण सिस्टर म्हणाली, की एका बाटलीत दहा जणांची लस असते, एकदा फोडली की थोड्या तासांत संपवावी लागते, आणि एक थेंब वाया गेला तरी वरून जाब येतो. दहा माणसं झाल्याशिवाय ती बाटली फोडणार नव्हती. पेटी तशीच परत गेली, तर टाकव्यात लस घ्यायला माणसं नाहीत असं होईल, आणि पुढच्या खेपेला आपल्याला कमी येईल. वाड्यांवर निरोप धाडायला पोरं गेली, कोणी लवकर येईना. मग सिस्टरच चिडून ह्यांना म्हणाली, की ज्यांना हाकललंत त्यांनाच बोलवा आता.

हे खांबाला टेकून बसून राहिले. सकाळपासून ओरडून दम लागलेला, छातीतली शिट्टी मला इकडे ऐकू येत होती. मी म्हटलं, आवो, जावा की. तेवढ्यात आक्काबाई पोत्यावरनं म्हणाली, की नथू, लय झालं, आता माज्यात पुन्यांदा यायची ताकद न्हाई रं.

तेव्हा उठले. शाळेच्या पायरीवरून पूल दिसतो. मी बघत होते. जीपपाशी गेले, टोपी काढली, बराच वेळ उभे राहिले. काय बोलले ते मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मग जीप सुरू झाली आणि शाळेकडे आली, तर हे पुढे ड्रायव्हरशेजारी बसून हाताने रस्ता दाखवतायत! सकाळी ज्यांना माघारी पाठवलं, त्यांच्याच गाडीतून वरात आली. मी पदर तोंडाला लावून हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

दहाच्या दहा जणांना लस मिळाली. सिस्टरने सगळ्यात आधी आक्काबाईला बसवलं. मागाहून वाड्यांवरची माणसं आली, आणखी बाटल्या फुटल्या.

लैलाताईंना सांगा, इकडे आल्या की आमच्या पुलावर त्यांना मीच घ्यायला उभी राहीन. लहानांवर आहे तशीच छाया आमच्यावरही असू द्या.
आपली,
कस्तुरा


टाकवे बुद्रुक,
१९ मे २०२१

प्रिय राजमहंमद,
नमस्कार वि. वि. इकडील सर्व खुशाल, ताप धरून.

शनिवारी लस घेतली. तू एवढं मागे लागला होतास म्हणून घेतली, असं समज. चार माणसं कमी पडत होती, ती मिळाली. फार काही विशेष घडलं नाही.

लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. माझ्या शेजारी चिंचवडचे सोपानराव होते. भला माणूस. त्यांनी घरच्या म्हाताऱ्या आईसाठी ठिकठिकाणी चकरा मारल्या. तिला मिळाली, पण घरातल्यांची राहिली, आणि आपल्यामुळे तिला काही होऊ नये म्हणून चौघं भावंडं महिनाभर तिच्याशी दाराआडून बोलतायत. मी म्हटलं, दुसऱ्या डोसला बारा आठवड्यांनी हितंच या, सगळे मिळून येऊ. एका गुरूचे ते गुरुबंधू, तसे आम्ही बाटलीबंधू. हा शब्द बाहेर कुठं काढायचा नाही, असं कस्तुराने बजावलंय.

दंड ठणकतोय. त्याचा आनंद होतोय, हे कोणाला सांगू नकोस.
प्रेम आहे ते कमी न व्हावे.
तुझा,
नथू


लोणावळा,
२४ मे २०२१

प्रिय नथू,
स. न. वि. वि.

फार काही विशेष घडलं नाही म्हणतोस! वहिनींचं पत्र तुझ्या आधी आलं होतं. लबाडा, निळ्या पेटीची हकीकत इथे सगळ्या आळीला पाठ झाली आहे. सूनबाई नूर स्वयंपाक करता करता मधेच हसते.

पण आता खरं सांगतो. वहिनींच्या पत्राची पहिली ओळ वाचली आणि मला पुढचं दिसेना. भाई गेला तेव्हा मी रडलो नव्हतो. नुसता मास्क शिवत बसायचो, एकामागून एक. त्या दिवशी मशीनवर डोकं टेकून रडलो. आरिफला वाटलं, आणखी कोणी गेलं. त्याने पत्र ओढून घेतलं, वाचलं, आणि धावत आत जाऊन ओरडला, की नथूचाचांनी लस घेतली! लैलाने त्या दिवशी महिन्यात पहिल्यांदा गोड केलं.

एकच विचारतो. पुलावर टोपी काढून तू त्या लोकांना काय म्हणालास? वहिनींना नाही सांगितलंस, मला तरी सांग.

आता जरा शांत झोपेन. तूही झोप.
तुझा,
राजमहंमद


टाकवे बुद्रुक,
२९ मे २०२१

प्रिय राजमहंमद,
नमस्कार.

विचारलंस म्हणून सांगतो. माफी मागायला गेलो होतो, ती तोंडातून निघाली नाही. सोपानरावांनी काच खाली केली. मग जे आलं ते बोललो. म्हणालो, की लोनावळ्याला माजा एक दोस्त हाय, फोन ऐकू येत न्हाई त्याला. त्याचा भाऊ गेला ह्या रोगात. मी बी गेलो तर त्यानं पत्र कुनाला लिवायचं? तेवढं ऐकून त्यांनी पुढचं दार उघडलं.

तुझा,
नथू