फुकट गाण्याची तपासणी

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण इथली फरशी या दिवसांत इतकी गार असते की तसं लिहिलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना, की नुसतं मला सांगतेस? तुझ्या सांगण्याप्रमाणे मीही कान बांधते (फक्त घरात, कामावर माझी थोडीफार पत आहे). बाबा आणि मी, आम्ही दोघं ठीक आहोत. हा शब्द मी लिफ्टबद्दलसुद्धा सहजासहजी लिहीत नाही, तेव्हा तो विचार करून लिहिला आहे असं समज.

तू फोनवर विचारलंस, तुझा धाकटा भाऊ घराबाहेर पडतो की खिडकीशी बसून असतो. मला नीट उत्तर देता आलं नाही, कारण बाबा तेव्हा शेजारीच बसले होते. खिडकीशी. आई गेल्यावर तू त्यांना वर्षभर सांभाळलंस, आणि मग आपलं ठरलं की हा हिवाळा त्यांनी माझ्याकडे काढायचा. करमलं तर इथेच राहायचं, नाही तर थंडी सरताना तू येऊन त्यांना घेऊन जायचं. सुरुवातीला त्यांना अजिबात करमलं नाही. समोरच्या इमारतीतले पडदे कोणत्या क्रमाने लागतात ते त्यांना पाठ झालं होतं, आणि एखादा पडदा उशिरा लागला की ते बेचैन व्हायचे. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, त्याला वाचायला समोर एकही पाटी नव्हती.

अशात नगरपालिकेचं एक पत्रक दारात येऊन पडलं: हिवाळ्यात शहरात काय काय मोफत आहे. मी ते उलटसुलट वाचलं, उजेडासमोर धरूनही बघितलं, पण मेख सापडली नाही. आता माझं काम तुला माहीत आहे. लिफ्टचा दोर शाबूत आहे असं कोणी म्हणालं की त्यावर बोट फिरवून बघण्याचा मला पगार मिळतो. तेव्हा बाबांना कुठेही पाठवण्याआधी आपण स्वतः पाहणी करावी असं मी ठरवलं. आधी संग्रहालयाचा मोफत दिवस. तिथे गर्दी होती खरी, पण चित्रांसमोर नव्हती, हीटरसमोर होती. (एका चित्रासमोर लोक फार वेळ थांबत होते, त्याच्या खालीच हीटर होता.) मग चौकातला बर्फाचा आखाडा, स्केटिंगचा. बर्फ मोफत आणि बूट भाड्याने. सापडली एकदाची मेख! तिच्या आनंदाच्या भरात मी बूट भाड्याने घेतले. पुढचं लिहीत नाही. एवढंच सांगते की बाबा कठड्याशी उभे होते आणि आई गेल्यापासून मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी मुद्दाम पडले असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे.

त्या हसण्याच्या जोरावर तिसऱ्या कार्यक्रमाला ते एकटेच गेले. त्याचं नाव होतं ‘ज्यांना गाता येत नाही त्यांचं गाणं’. परत आले, पोटभर जेवले आणि स्वतःचं ताट स्वतः विसळलं. पुढच्या वेळी जाताना शर्टाला इस्त्री केली. माझी शंका पक्की झाली. कोणीतरी यांना काहीतरी विकतंय, नाही तर कोणीतरी यांना शिष्य करून घेतंय. तिसरीही एक शंका होती, पण ती तुला पत्रातून लिहिण्यासारखी नाही. (गाणं घेणारी व्यक्ती बाई आहे. पियानोचे सूर जुळवणं हा तिचा धंदा. उंच, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कानाकडे बघते.) मी गेले, मागे उभी राहिले आणि गाणं संपल्यावर तिला सरळ विचारलं की तुम्ही हे फुकट का करता.

"दिवसभर लोकांचे सूर जुळवत बसते," ती म्हणाली. "संध्याकाळी बेसूर ऐकलं की बरं वाटतं."

हे काही उत्तर नव्हे. पण मी पुढे विचारलं नाही, कारण तोवर माझं लक्ष लिफ्टकडे गेलं होतं. गाण्याचं सभागृह एका जुन्या गोदामाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि गाणाऱ्यांपैकी निम्म्यांचे गुडघे तुझ्यासारखे. तेव्हा सगळे मालाच्या जाळीदार लिफ्टने वर जात. अशा लिफ्टच्या दाराला एक स्विच असतो. दार नीट लागल्याशिवाय तो लिफ्टला हलू देत नाही. इथे तो कोणीतरी तारेने करकचून बांधून ठेवला होता, म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्ट चालणार. आत्या, हे बघितल्यावर ‘मी आज सुट्टीवर आहे’ असं म्हणता येत नाही. ज्या लिफ्टमधून माझे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जातात, तिच्याबद्दल तर नाहीच. पिशवीत कामाच्या लाल चिठ्ठ्या असतातच. ‘बंद. वापरू नये.’ असं ठळक लिहून मी एक दारावर लावली आणि कोणाला न सांगता जिन्याने उतरले.

माझा अंदाज होता की लिफ्ट दुरुस्त होईल. झालं असं की लाल चिठ्ठी बघून गोदामाचा रखवालदार घाबरला आणि त्याने सभागृहालाच कुलूप घातलं. पुढच्या खेपेला बाबा गेले, चिठ्ठीसमोर उभे राहिले आणि त्यांनी ती वाचली. मला अक्षर कोणी शिकवलंय हे तुला सांगायला नको. माझा ‘ब’ त्यांच्याच ब्रशातून आलेला आहे. घरी येऊन त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला आणि म्हणाले, "अक्षर चांगलं काढलंयस." मग तुला फोन केला. तो फोन कशाबद्दल होता ते मी विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात होते आणि भिंत पातळ आहे.

ते पुन्हा खुर्चीत बसले आणि मी दुरुस्तीच्या मागे लागले. आमच्यात नियम असा की तपासणाऱ्याने दुरुस्ती करायची नाही (नाही तर कोणीही स्वतःच्या कामाला स्वतःच शाबासकी देत सुटेल). म्हणून मला मेकॅनिक गाठावा लागला. गाठला तो कोण, तर ‘ढिल्या’ (हे नाव मीच ठेवलंय), ज्याची कामं मी इतक्यांदा नापास केली आहेत की मला बघताच तो जिन्याचा रस्ता धरतो. मी त्याला म्हटलं, सुट्टीच्या दिवशी ये आणि फुकट काम कर. आत्या, त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली. मी लिफ्टभोवती मारते तशी. कोणाची लिफ्ट आहे, तुमचं तिथे काय अडकलंय, उद्या माझ्यावर शेकणार नाही ना, असे एकामागून एक प्रश्न. काही नाही, नुसतं चांगलं काम आहे, असं मी सांगितल्यावर तर त्याचा चेहरा आणखीच उतरला. तरीही तो आला, बहुधा मेख शोधायलाच. रखवालदाराने मात्र आम्हा दोघांनाही आत सोडण्याआधी पिशव्या उघडून दाखवायला लावल्या. नवा स्विच बसला. तपासणी दुसऱ्या सहकाऱ्याने केली आणि आत्ता हे लिहीपर्यंत तिघांपैकी कोणाचाही माझ्यावर विश्वास बसलेला नाही.

आनंदाची बातमी द्यायला मी बाबांना घेऊन गोदामात गेले. (ते आले ते माझ्यासाठी नाही, तिथे राहिलेला मफलर आणायचा होता.) खालच्या दारातच गाणं ऐकू आलं. सभागृह बंद म्हटल्यावर ही मंडळी घरी बसली नव्हती, जिन्यात गात होती. ज्याचा गुडघा जिथे थांबेल तिथे तो उभा. धडधाकट लोक वर, बाकीचे खाली, आणि पियानोवाली बाई तळाशी. त्या दगडी जिन्यात तो आवाज असा फिरत होता की कोण बेसूर आहे ते मला शोधूनही सापडेना. मी सांगितलं की लिफ्ट सुरू झाली, आता वर चला. कोणी हललं नाही. वरच्या गालिच्यात आवाज मरतो, आम्ही आता इथेच गाणार, म्हणाले. एका आजोबांनी तर माझे आभारही मानले. लिफ्ट बंद केल्याबद्दल.

अडचण एकच होती. वरच्यांना बाईंचा ताल देणारा हात दिसत नव्हता, त्यामुळे ते मागे पडत आणि खालच्यांवर घाई केल्याचा आरोप करत. मधल्या वळणावर कोणीतरी उभं राहून हात पुढे पोचवला पाहिजे, असं मी म्हटलं. ते निव्वळ तांत्रिक निरीक्षण होतं. बाईंनी माझ्या कानाकडे बघितलं आणि मलाच तिथे उभं केलं. बाबा मफलर घेऊन निघणार होते, ते सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. गाणं सुरू झालं. मध्येच त्यांचा आवाज आला, "हात जरा वर धर. इथून दिसत नाही."

अक्षराच्या त्या शेऱ्यानंतर माझ्याशी ते पहिल्यांदा बोलले ते हेच. मी हात वर धरला.

थंडी सरताना जिन्यातच कार्यक्रम आहे. ऐकणारे लिफ्टमधून सावकाश वर जाणार, म्हणजे जाळीतून प्रत्येक मजल्यावरचं गाणं ऐकू येईल. एका वेळी किती माणसं ते मी ठरवणार आहे आणि त्यावर वाद चालणार नाही. बाई हे सगळं फुकट का करतात ते अजून उलगडलेलं नाही. तिसऱ्या शंकेपुरतं सांगते, बाई बाबांना बाकीच्यांइतकंच रागावतात. नजर ठेवून आहे.

गुडघ्याला जप. सगळ्यांना माझी आठवण सांग आणि जे नमस्काराच्या वयाचे असतील त्यांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. मी फक्त हात हलवते, गात नाही. तुला बाबांकडून वेगळं कळलं तर असं समज की जिन्यात आवाज कुठून येतो ते नक्की सांगता येत नाही. (परवा माझं तोंड उघडं होतं, हे कबूल.)

आणखी एक. त्या फोननंतर तू बाबांना न्यायला येते आहेस, हे मला माहीत आहे. ये. कार्यक्रमाच्या आधीच ये आणि चांगली राहा. पण परतीचं तिकीट एकाचंच काढ. जायचं की राहायचं ते तुम्हीच ठरवा, मी मध्ये बोलणार नाही, असा शब्द मी बाबांना दिला आहे आणि तो मोडणार नाही. म्हणूनच तुला लिहिते आहे.