देवघरातली बाटली

हिवरखेड, ११ ऑगस्ट २०२०

चि. सौ. मंजुषास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी सॅनिटायझर चोळला आणि ओल्याच हाताने निरांजन लावले. तळहात पेटला. जाळ दिसलाच नाही. उन्हात नुसती हवा थरथरली. ओल्या पंच्यात हात दाबला तेव्हा विझला. आईला सांगितले, दुधाचे पातेले लागले.

बाटली देवघरात ठेवली ती मीच. आता आईचा नेमच झाला आहे. येईल त्याच्या हातावर ती थेंब सोडते आणि लगेच आरतीचे ताट पुढे करते. लोक ओले हात ज्योतीवरून फिरवतात. मी मनात नाम घेत उभा राहतो. फोनवर बोलता येत नाही, ती शेजारीच बसते. महालक्ष्म्या पंधरा दिवसांवर आल्या.

जावईबापूंना नमस्कार. आठवण असू दे.
किसनदादा

अमरावती, १७ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

लहानपणी माझी पाटी तू फोडलीस आणि आळ मांजरावर घातलास. आता पातेले का?

पण वाचून धडकी भरली. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, हात पूर्ण कोरडे होईपर्यंत विस्तवाजवळ जायचेच नाही, बाटलीही दिव्यापासून लांब हवी. घरात साबण-पाणी पुरे. आईला फोनवर सुचवले, तर म्हणाली, तू तिकडे बसून मले आरती शिकवून राहिली काय! दादा, तिचे हात कापतात, नेसते नायलॉनचे पातळ. खरे सांगितल्याशिवाय ती ऐकायची नाही.

तुमची माया अशीच राहो.
मंजू

हिवरखेड, २७ ऑगस्ट

चि. सौ. मंजुषास, आशीर्वाद. वि. वि.

काल महालक्ष्म्यांपुढे आई दर्शनाला आलेल्या माणिकबाईंच्या हातावर थेंब सोडत होती. बाटली कलंडली, पदरावर ओघळ आला. तिला भान नव्हते. तिने पेटते ताट उचलले आणि पदर ज्योतीकडे सरकला.

मी ताट हिसकून घेतले, बायांसमोर. ती म्हणाली, किसना, देवीसमोर काय करून राहिला हे? मी तळहात उघडून दाखवला. पातेल्याचे खोटे होते, तेही सांगितले. तिने हात धरून जवळून बघितला. मग पातळ बदलून आली, साबणाने हात धुतले, पुसले आणि मगच आरती केली.

पंधरा दिवस मी देवाला म्हणत होतो, तूच सांभाळ. आज सकाळी बाटली देवघरातून काढली आणि ओसरीवरच्या उंच फडताळात कुलूपबंद केली.

तुझा लोभ आहे, म्हणून हे लिहवले.
किसनदादा