हौसाकाकीची ओटी आणि परदेशी पाहुणी

११ फेब्रुवारी, मंगळवार

मी दुभाषी झाले! जिल्ह्याहून एक साहेब आले. परदेशी बाई येतेय, तिच्याशी बोलायला गावातलंच कोणीतरी हवं म्हणाले. आमच्या होमस्टेतल्या पाहुण्यांना इंग्रजीतून सोलकढी समजावणारी मीच — दुसरं कोण?

बाईचं नाव डॉ. इनेस, पेरू देशाची. लोकांना आपापला धर्म मोकळेपणानं पाळता येतो की नाही, हे देशोदेशी जाऊन बघायचं आणि अहवाल द्यायचा, हे तिचं काम. आपल्या सरकारनंच बोलावलंय. दिल्ली, मुंबई, मग गोव्याला जाताना आमचं गाव — इथं देऊळ, मशीद आणि चर्च एकाच रस्त्यावर आहेत म्हणून. सभा सातेरी देवीच्या देवळासमोरच्या मंडपात. बाबा देवळाचे मुख्य मानकरी, तेव्हा यजमान तेच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तालीम. साहेबांनी प्रत्येकाला एकच वाक्य पाठ करायला दिलंय — 'आम्ही सर्व गुण्यागोविंदाने राहतो.' होडीवाले इस्माईलचाचा तिथंच अडकले. म्हणाले, "ह्याच्यात गोविंद कित्याक आणलास? माझ्या तोंडात बसना नाय." साहेबांना हे विनोदी वाटलं नाही. बाबा मात्र उपरण्यात तोंड लपवून हसत होते.

१४ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. पाहुणीसमोर 'गावातल्या अडचणी' नकोत. बरं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काय दिवस होता! नीट लिहून ठेवते.

सगळे गोऱ्या बाईची वाट बघत होते. गाडीतून उतरली ती आमच्यासारखीच सावळी, ठेंगणी. बाबलीकाका, दुसरे मानकरी, हार घेऊन तिच्या मागच्या गोऱ्या मदतनीस बाईकडेच निघाले. मी त्यांना वळवलं.

वाक्यं झाली. इस्माईलचाचा 'गोविंद' गाळून बोलले. चर्चमधल्या मावशींनी वाक्य दोनदा म्हटलं. इनेसबाई हसून ऐकत होती, पण तिनं काहीच लिहून घेतलं नाही. मग म्हणाली, "आता न ठरवलेलं कोणी बोलेल का?"

बायकांच्या मागच्या रांगेतून हौसाकाकी उठली. आमच्या शेजारची, सत्तरीची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. नात दीपिका बाळंतपणात मरता मरता वाचली, तेव्हा काकीनं देवीला ओटी बोलली होती. पण आमच्याकडे विधवेनं ओटी भरायची नाही. दुसऱ्या बाईच्या हातून भर, म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. ती ऐकेना.

काकी मला म्हणाली, "भार्गवी, तिका सांग. नवस माझो. मगे हात दुसऱ्याचो कित्याक? घोव माझो मेलो. देवी खंय मेली?"

पुढच्या रांगेतली डोकी मागं वळली.

साहेब माझ्या कानाशी आले. "फक्त आशय सांगा. आजी देवीच्या भक्त आहेत, एवढंच."

मी शब्दन् शब्द सांगितला. आणि शेवटी हेही सांगितलं की साहेब म्हणतात, एवढंच सांग. साहेबांचा चेहरा कोकमासारखा झाला.

इनेसबाईनं पहिल्यांदा पेन काढलं. बाबांकडे वळून विचारलं, "हे खरं आहे का? इथं या बाईंना मनाई आहे?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. बाबा हो म्हणाले तर सगळ्या जगासमोर गावाची नाचक्की. नाही म्हणाले तर धडधडीत खोटं. बाबांनी घसा खाकरला आणि ऑफिसात बोलतात तशा मराठीत म्हणाले, "छे छे. आमच्याकडे कोणालाही मनाई नाही. ज्यांना ओटी भरायची आहे त्यांनी अवश्य यावं."

काकीनं पदर खोचला. "बरां. शुक्रवारी येतंय."

१८ फेब्रुवारी

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. माशाच्या कालवणात आज मीठच नाही, आणि तेही कोणी बोललं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मानकऱ्यांची बैठक आमच्याच ओटीवर. मी दाराआड. बाबलीकाका बाबांवर चिडलेले — "त्या बायलेसमोर तुझी जीभ घसारली कशी?" बाबा मान खाली घालून म्हणाले, "काय करतलंय? देशाच्या अब्रूचो प्रश्न होतो. आता शब्द फिरवलंय तर ती अहवालात लिहितली." सगळे चुळबुळले. मग एकेक करून चपला शोधायला उठले.

बाबांची मला फार दया आली. रात्री त्यांच्या पानात भाजलेला बांगडा माझ्या वाटणीचाही वाढला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काकी आली. धुतलेलं लुगडं, ताटात नारळ, खण, तांदूळ, हिरव्या बांगड्या. बाबलीकाका आडवे व्हायला गेले, तर बाबा म्हणाले, "थांब. मी शब्द दिलेलो आसा."

ओटी भरताना काकीकडून अर्धे तांदूळ उंबऱ्यावर सांडले. मी वेचायला वाकले तर म्हणाली, "ऱ्हवांदे. तिच्या दारातच पडले मां?" मग पायरीवर बसून ती खूप वेळ रडली. तिच्यामागे आमच्याच गावची, आचरा गावात दिलेली जानकी उभी होती — तिचा नवरा गेल्या वर्षी समुद्रातून परत आलाच नाही. तिच्या हातातही ताट होतं. तिला कोणी काही विचारलंच नाही.

माझं काम झालं होतं, तरी मी तिथून हलले नाही.

२८ फेब्रुवारी

दौरा संपला. दिल्लीत इनेसबाईनं केलेलं निवेदन मी मोबाईलवर पूर्ण वाचलं. मोठमोठे विषय, मोठमोठी राज्यं. आमच्या गावाचं नावसुद्धा नाही. बाबांना सांगितलं. "असांदे," म्हणाले, आणि सुपारी कातरत बसले.

२ मार्च, रविवार

काकीकडे आंबोळ्या खायला गेले. म्हटलं, काकी, त्या दिवशी सगळ्यांसमोर उठायचं धाडस कसं झालं गं तुला?

काकी हसायला लागली. "माझा कसला धाडस? आदल्या रात्री तुझोच बापूस इलो. म्हणालो, वैनी, बाकीचे मानकरी माझा आयकणत नाय. तू फक्त उठान विचार. खोटा काय बोलूचा ता मी बघतंय."