अंगठ्याला दबणारे टायर

ती. आत्यास,

सोललेले दोन्ही गुडघे अजून धड वाकत नसल्यामुळे साष्टांग नमस्कार जमत नाही, म्हणून सध्या उभ्यानेच करतो, गोड मानून घे. तुझी कंबर कशी आहे? सायकलदुकान बंद केलंस तरी गल्लीतले लोक पंक्चर घेऊन दारात येतातच ना? तू पाठवलेले दोन्ही टायर पोचले. उपकार कसे फेडायचे ते नंतर बघू, आधी माझे प्रताप ऐक.

टेकडीवरच्या वस्तीची टपालफेरी महिनाभराच्या बोलीवर माझ्याकडे आली, हे तुला ठाऊक आहेच. टपाल रोज बाराच्या आत पोचलं तर फेरी चालू, नाहीतर बंद. मग वरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आपापलं टपाल न्यायला खाली उतरायचं. वाट म्हणजे निम्मी खडी आणि निम्मा चिखल. पहिले दोन दिवस मी जुन्या गुळगुळीत टायरांवर कसाबसा गेलो. (सायकल माझ्या खांद्यावर बसून गेली, हे जास्त खरं.) तेवढ्यात तुझे टायर आले. एक रुंद, मोठ्या सुट्या दात्यांचा. दुसरा जरा अरुंद, बारीक दाट दात्यांचा. सोबतची चिठ्ठी मात्र मी उघडलीच नाही. वीस वर्षं पाकिटं न फोडता पोचवायची सवय, ती हाताला इतकी मुरली आहे की स्वतःचं पाकीटही फोडवत नाही. ते तसंच खिशात ठेवलं आणि आपलं डोकं लढवलं: टपालाची पिशवी मागे, म्हणजे दणकट टायरही मागेच हवा.

पहिल्याच वळणावर पुढचं चाक एकीकडे आणि मी दुसरीकडे. चिखलातून मला ओढून काढलं ते वस्तीतल्या शिंपीणबाईंनी. वय पंचाहत्तर, पण पकड तुझ्या पान्यासारखी. त्यांनी गरम पाण्यानं माझे गुडघे धुतले, फाटक्या पँटला टीप मारली आणि खिशातून निघालेलं पाकीट सरळ फोडून मोठ्यानं वाचलं: ‘‘रुंद टायर पुढे लाव, गाढवा. पुढचं चाक वाट धरतं, मागचं नुसतं ढकलतं. सुट्या दात्यांतून चिखल गळून पडतो. आणि हवा कमी ठेव, अंगठा थोडा दबला पाहिजे.’’ वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘बरोबर ओळखलंय तुला.’’

आता आमच्या पोस्टमास्तरांचा शिरस्ता असा, की रोज सकाळी फाटकापाशी ते प्रत्येक टायर अंगठ्यानं दाबून बघतात. अंगठा दबला की सायकल बाहेर जात नाही. त्यामुळे सुरुवातीला मी टायर दगडासारखे टणक करून निघायचो, फाट्यावर हवा सोडायचो आणि परतताना तिथेच पंप मारत बसायचो. (फाट्यावरच्या न्हाव्याला वाटायचं, मला रोज पंक्चर होतं. फार हळहळायचा बिचारा.) पण आत्या, काय सांगू! टायर खडीला पालीसारखा चिकटतो. त्यानंतर बाराचा ठोका एकदाही चुकला नाही. फेरी कायम झाल्याचा हुकूम काल आला, तेव्हा सगळे माझी पाठ थोपटत होते आणि मला तुझे काळे हात आठवत होते. डोळे भरून आले, लपवत नाही. ही फेरी तुझी आहे.

तुझा ऋणी आणि लंगडा भाचा

ता. क. मध्यंतरी पोस्टमास्तर फेरी तपासायला आपल्या टणक टायरांवर वर आले होते. पुढचं कुणाला सांगू नकोस म्हणालेत, म्हणून सांगत नाही. शिंपीणबाईंनी त्यांचीही पँट शिवली, एवढंच. हल्ली माझ्या सायकलपाशी आले की त्यांचा अंगठा दुखतो.

ता. ता. क. आता खरं काम. शिंपीणबाई रोज बाराला दारात उभ्या असतात. महिनाभरात त्यांच्या नावाचं एकही पत्र आलं नाही. मी नुसती मान हलवतो आणि ‘‘उद्या येईल हो’’ म्हणून त्याच माझी समजूत घालतात. इतके चांगले टायर असून त्यांच्यापुढे रिकाम्या हातांनी जाणं जिवावर येतं. तू त्यांना लिहिशील? विषय नसला तर मी आहेच. माझ्या गाढवपणावर तुमचं दोघींचं एकमत आहे. त्यांचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे.

बाराच्या आत पोचवीन.